एका ठोक्याचे थर

चि. भाच्यास,


हैदराबादेतल्या विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी केलेला तुझा तीनमार ठेका ऐकला. ढोल, त्यावर डप्पू, म्हणजे काठीने वाजणारा डफ, आणि तळाला इलेक्ट्रॉनिक किक, अशी एकाच ठोक्यावर तीन थरांची रचना आहे. एकेक थर ऐकला तर दणदणीत वाटतो, पण तिन्ही एकत्र लावले की छातीत बसणारा दणका नाहीसा होतो. तू मग आवाज वाढवलास, कॉम्प्रेसर चढवलास. पण दुखणं आवाजाच्या पातळीचं नाही, थर एकमेकांना खाताहेत.

ढोलाचा खर्ज ५० हर्ट्झच्या आसपास धर. त्याची एक लहर २० मिलिसेकंदांची होते. किक १० मिलिसेकंद मागे राहिली, तर ढोलाची लहर वर जाताना किकची खाली जाते आणि खर्ज पुसला जातो. एवढ्या फरकाने कानाला दोन ठोके ऐकू येत नाहीत, ठोका नुसता पोकळ लागतो. तेच सारख्या ताकदीचे दोन थर नीट जुळले तर पातळी ६ डेसिबलने वाढते, फेडरला हातही न लावता.

तुझी किक एमपीथ्री आहे. त्या फाईलच्या तोंडाशी शांततेचा तुकडा चिकटलेला असतो. लेम एन्कोडरने केलेल्या फाईलमध्ये तो साधारण ११०५ सॅम्पलचा, म्हणजे ४४,१०० च्या दराने २५ मिलिसेकंदांचा निघतो. काही सॉफ्टवेअर तो आपोआप कापतात, काही कापत नाहीत. म्हणून क्लिपची कड ग्रिडच्या रेघेला टेकली की काम झालं असं समजू नकोस. वेव्हफॉर्म मोठा करून बघ. डप्पूच्या काठीचा पहिला फटका केसासारखा बारीक, सरळ उभा दिसेल. ढोलाचा पहिला उंचवटा त्याच्यामागून सावकाश, जाडजूड चढताना दिसेल. किक जुळवायची ती या जाड उंचवट्याशी. डप्पूचा खालचा भाग हाय-पास फिल्टरने काढ आणि त्याची जागा कानाने ठरव.

ढोलाच्या दोन्ही तोंडांना तू माईक लावलेस, ते चांगलं केलंस. पण टिपरू पडतं ते कातडं माईकपासून आत दबतं, त्याच वेळी पलीकडचं कातडं त्याच्या माईककडे फुगतं. म्हणजे दोन ट्रॅक एकमेकांच्या उलटे नोंदले जातात. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटव आणि दोन्ही प्रकारे ऐकून बघ. ज्यात खर्ज भरेल ते ठेव. त्यानंतरच अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने सरकवत बस. हे सगळं मोनोमध्ये, हलक्या आवाजात कर. मिरवणुकीतल्या गाड्यांवरचे स्पीकर बऱ्याचदा मोनोच वाजतात. आणि बेगम बाजारात दिवसा टेम्पोंची घरघर तुला ५० हर्ट्झ ऐकूच देणार नाही. दुकानांची शटरं पडल्यावर बस.

एवढं करूनही ठोक्याचं शेपूट पातळ लागलं तर सूर तपास. ढोल ५० वर आणि किक ५५ वर असेल, तर आरंभ कितीही चोख जुळवला तरी सेकंदाच्या दहाव्या भागात दोघे एकमेकांच्या विरुद्ध जातात. तिथे सरकवून काही साधत नाही. किक ढोलाच्या सुरात आण, नाहीतर तिचं शेपूट छाट. माझं मत विचारशील तर किक काढूनच टाक. चांगल्या ताणलेल्या ढोलाला तिची गरज पडत नाही. जुळलेले थर मात्र लगेच एकत्र बाउन्स करून ठेव, म्हणजे पुढच्या गडबडीत ते हलणार नाहीत.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. थर जुळवायचे ते एकाच ठोक्याचे. चार वादकांचे चार ट्रॅक तू क्वांटाइझ करून एका रेषेत बसवलेस, ते कृपा करून परत सोडव. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मोअज्जम जाही मार्केटपाशी उभ्या माणसाला दहा मीटर मागचा ढोल २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्या मागेपुढे असण्यातूनच त्याला ताफा मोठा वाटतो. चारही जण एकाच सॅम्पलवर आणलेस की चार वादकांचा एकच वादक होतो. मरफ्याचंही तेच. निजामाच्या फौजेतल्या हबशी आणि हद्रमौती अरबांबरोबर हैदराबादेत आलेलं हे वादन हातांच्या किंचित ओढाताणीवर उभं आहे. ती ओढाताण चूक समजून पुसणं हा वादकांवर अन्याय आहे. गाणं त्यांच्या हातांचं आहे, आपण ते नोंदवणारे.

पुढच्या खेपेला प्रत्येक थर वेगळा आणि वेव्ह फाईलमध्येच पाठव. वादकांचे मूळ, न सरकवलेले टेकही त्यात असू देत. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा