डिस्चार्ज कार्डावरचा ‘बरा’ नेमका कोणता?



मराठीत आपण ‘बरा’ या एकाच शब्दावर सगळे भागवतो. ताप उतरला, बरा झाला. टाके काढले, बरा झाला. दवाखान्यातून घरी सोडले, तरी बराच झाला. इंग्रजीत यातल्या प्रत्येक अवस्थेला वेगळा शब्द आहे आणि डॉक्टर कागदावर तोच लिहितात. घरात तो कागद बहुधा शिकणारा मुलगा किंवा मुलगी वाचून दाखवते. शब्दाचा अर्थ चुकला तर औषध मध्येच बंद होते. म्हणून हे शब्द नीट समजून घेऊ.

डिस्चार्ज : म्हणजे फक्त घरी सोडणे. उपचार संपले असा याचा अर्थ नाही. कार्डावर ‘डामा’ किंवा ‘लामा’ लिहिले असेल, तर डॉक्टरांचा सल्ला नसताना रुग्णाला घरी नेले अशी ती नोंद असते.

स्टेबल : प्रकृती स्थिर आहे, आणखी बिघडत नाही. ‘सुधारली’ असे यात म्हटलेले नाही. सुधारणा असेल तर ‘इम्प्रूव्ह्ड’ लिहितात. ‘रिलीव्ह्ड’ म्हणजे त्रास कमी झाला. आजार गेला असे नव्हे.

हीलिंग : जखम भरून येणे, हाड जुळणे. या शब्दाचे मूळ ‘अखंड’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी जोडलेले आहे. शरीर तुटलेला भाग आपणहून सांधते, ते हीलिंग. सिझेरियन किंवा हर्नियाच्या ऑपरेशननंतर वरची कातडी लवकर मिळून येते, पण आतले थर भरायला कित्येक आठवडे लागतात. टाके निघाले तरी पाण्याची घागर उचलू नका असे सांगतात, ते यासाठीच. हाडाच्या एक्स-रेवर ‘युनियन’ म्हणजे हाड जुळले, ‘मालयुनियन’ म्हणजे वाकडे जुळले आणि ‘नॉनयुनियन’ म्हणजे जुळलेच नाही.

क्युअर : रोग समूळ जाणे. हा शब्द डॉक्टर जपून वापरतात. क्षयरोगाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयरोगाचा उपचार 6 महिन्यांचा असतो. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच खोकला आणि ताप कमी होतो, भूक लागते. माणसाला वाटते, झालो बरा. पण जंतू अजून शिल्लक असतात. गोळ्या सोडल्या तर रोग उलटतो आणि त्याच औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. ‘क्युअर्ड’ ही नोंद थुंकीच्या तपासणीत जंतू नसल्याचे दिसल्यावरच होते. नुसता कोर्स पूर्ण झाला, पण तपासणीचा पुरावा नाही, तर ‘ट्रीटमेंट कम्प्लीटेड’ लिहितात. त्यानंतरही 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी तपासणीला बोलावतात. त्या तारखा चुकवू नका.

रिमिशन : हा शब्द कर्करोगाच्या कागदावर भेटतो. रोगाच्या खुणा कमी झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या, असा त्याचा अर्थ. रोग पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून तपासणी चालूच ठेवायची. तो परतला तर त्याला ‘रिलॅप्स’ म्हणतात.

कंट्रोल : रक्तदाब आणि मधुमेहासाठी. आकडा ताब्यात आहे तो गोळीमुळे. “कंट्रोलमध्ये आहे” असे ऐकून गोळी सोडू नये.

रिकव्हरी : गमावलेले परत मिळवणे. ताकद, झोप, कामाची उमेद हळूहळू परत येते, तो सारा काळ रिकव्हरीचा. मानसिक आजारात आणि दारूच्या व्यसनातून बाहेर पडताना ही वाट लांबची असते. अशा माणसाला “अजून बरा नाही झालास?” असे विचारून खचवू नका.

रिहॅबिलिटेशन : मराठीत पुनर्वसन. हा शब्द ऐकला की आपल्याला धरणग्रस्त आठवतात. दवाखान्यात मात्र याचा अर्थ व्यायाम, सराव आणि साधनांच्या मदतीने अवयवाचे काम परत मिळवणे, म्हणजेच ‘रिस्टोर’ करणे. लकवा झालेल्याला फिजिओथेरपी सांगतात ती यासाठी. कुष्ठरोगात 6 किंवा 12 महिन्यांच्या गोळ्यांनी जंतू मरतात, पण तळपायाची गेलेली संवेदना नेहमीच परत येते असे नाही. रोग गेला तरी पाय रोज तपासावे लागतात आणि मऊ रबराच्या एम.सी.आर. चपला वापराव्या लागतात. अशा माणसापासून कुणाला रोग लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

घरी सोडताना डॉक्टरांना किंवा नर्सताईंना तीन गोष्टी विचारा : आजार पूर्ण गेला की फक्त त्रास कमी झाला? कोणती गोळी किती दिवस घ्यायची? पुन्हा कधी दाखवायचे? उत्तरे कार्डाच्या मागे मराठीत लिहून घ्या. विचारताना संकोच करू नका. शरीर आपले आहे, तेव्हा त्याच्याबद्दल लिहिलेले समजून घेणे हा आपला हक्क आहे.