काळ्या रानासाठी कार्बनची सायकल

परदेशी कार्बन फ्रेम निवडताना बहुतेक जण आधी वजन आणि रंग पाहतात. परभणीत आधी पाहायची ती मागच्या चाकाजवळची फट. आपली जमीन काळी, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचा चिकणमातीचा प्रकार भरपूर. तो पाणी पिऊन फुगतो आणि चिकटतो. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर पांदणीतून शंभर पावलं सायकल चालवली की टायर आणि चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळ्या, यांच्यामध्ये चिखलाचा थर बसतो. त्यात कडब्याच्या काड्या आणि बारीक खडे मिसळतात, चाक फिरत राहतं आणि तो थर फ्रेमला घासत राहतो. लोखंडी सायकलीचा त्यात रंग जातो. कार्बनचे धागे मात्र कापले जातात, आणि कापलेला धागा पुन्हा जुळत नाही.

म्हणून पहिला नियम: टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ६ ते ८ मिलीमीटर मोकळी जागा हवी. फ्रेमवर २.४ इंचापर्यंतचा टायर बसतो असं लिहिलं असेल, तर इथे २.२५ चा घाला. जिंतूरची नेमगिरी, येलदरीचा परिसर, गंगाखेडच्या दक्षिणेला राणीसावरगावकडचे बालाघाटाचे चढ, ही खरी डोंगरी सायकलीची रानं. तिथे मुरूम आणि खडक आहे, पण तिथवर जायची वाट काळ्या रानातूनच आहे.

फ्रेम हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली. मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांतली छोटी बेअरिंगं आपल्या धुळीत आणि चिखलात लवकर कुरकुरतात, आणि सुटा भाग जिल्ह्यात मिळत नाही. चांगली कार्बन हार्डटेल फ्रेम साधारण १ ते १.३ किलोची असते. कार्बन सायकलींच्या फ्रेमा मुख्यत्वे चीन आणि तैवानमधल्या कारखान्यांत साच्यात घडतात. धागा बऱ्याचदा जपानच्या टोरे कंपनीचा, टी७०० किंवा टी८०० प्रतीचा. प्रतीच्या आकड्यापेक्षा विक्रेत्याला एक प्रश्न विचारा: ही फ्रेम आयएसओ ४२१० च्या चाचण्यांतून गेली आहे का, आणि अहवाल दाखवता का? उत्तर टाळलं गेलं तर फ्रेम सोडून द्या.

मागवण्याआधी एका पानावर मापं

पैसे भरण्याआधी वहीचं एक पान या मापांना द्या. फ्रेम एकीकडून, चाकं दुसरीकडून आणि फोर्क तिसरीकडून येणार असतो. एक माप चुकलं की ती वस्तू परत पाठवण्याचा खर्च तिच्या किमतीच्या जवळ जातो.

चाक २९ इंची, म्हणजे रिमचं माप ६२२ मिलीमीटर. पुढचा अॅक्सल १५ × ११०, मागचा १२ × १४८. या मापांना बूस्ट म्हणतात. फोर्कची नळी वर सव्वा इंचाहून कमी आणि खाली दीड इंच, म्हणजे टेपर्ड. हेडसेटची बेअरिंगं बऱ्याचदा वर ४१.८ आणि खाली ५२ मिलीमीटर व्यासाची असतात. फ्रेमच्या कागदात हे आकडे जुळवून पाहा. सीटपोस्ट ३०.९ की ३१.६? मागच्या ब्रेकची जागा १६० च्या डिस्कची की १८० ची? डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, स्राम कंपनीचा यूडीएच असेल तर उत्तम. तो २०१९ साली आला आणि आता इतक्या कंपन्या वापरतात की वाकला तर दुसरा मिळवणं सोपं जातं. तरीही एक हँगर फ्रेमबरोबरच जादा मागवा.

फोर्क किती ट्रॅव्हलचा, म्हणजे किती दबणारा, चालेल तेही लिहा. १०० मिलीमीटरसाठी बनलेल्या फ्रेमला १३० चा फोर्क लावला तर सायकलीचा कोन बिघडतो आणि पुढच्या नळीवर नको तितका ताण येतो.

बॉटम ब्रॅकेट आट्याचं घ्या, ७३ मिलीमीटरचं बीएसए. दाबून बसवायचं प्रेसफिट वाईट नाही, पण त्याला प्रेस लागते, आणि धूळ शिरली की ते पायडल मारताना कटकट करतं. आट्याचं बॉटम ब्रॅकेट घरी पान्याने उघडून, पुसून, ग्रीस लावून परत बसवता येतं.

चाकांबाबत माझं मत ठाम आहे: रिम कार्बनची घ्या, पण तारा आणि निपल दुरुस्तीच्या सोयीने निवडा. वाकड्या मुंडीच्या म्हणजे जे-बेंड तारा, चाकाला २८ किंवा ३२, आणि निपल पितळी. अॅल्युमिनिअमचे निपल काही ग्रॅम वाचवतात, पण कार्बन आणि अॅल्युमिनिअम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनिअम सडतं. प्रत्येक लांबीच्या चार-पाच तारा जादा मागवा, कारण या मापाची तार परभणीच्या सायकल दुकानात मिळणार नाही. तार मिळाली की चाकाची आउट काढणारा हात मात्र इथे मिळतो, आणि तो चांगला असतो. त्याला एवढंच सांगा की कार्बन रिमला कंपनीने दिलेल्या ताणाच्या पुढे ओढायचं नाही. शेवटचं माप फ्रीहबचं, म्हणजे कॅसेट ज्यावर बसतो त्या भागाचं: शिमानोचा १० ते ५१ दात्यांचा बारा गिअरचा कॅसेट असेल तर मायक्रो स्प्लाइन, स्रामचा १० दात्यांपासूनचा असेल तर एक्सडी. दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत.

कस्टम

स्वतःच्या वापरासाठी कुरिअरने मागवताना आयात-निर्यात कोड लागत नाही, केवायसी लागतं. आधार आणि पॅनची प्रत तयार ठेवा. सायकलीचे सुटे भाग कस्टमच्या दरसूचीत ८७१४ या शीर्षकाखाली येतात, त्यात फ्रेम आणि फोर्क ८७१४ ९१ मध्ये. स्वतःच्या वापराच्या वस्तूंसाठी ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे आणि दोन्हींचा कर सारखा नसतो. म्हणून कुरिअर कंपनीला माल निघण्याआधीच विचारा की नोंद कशाखाली होणार. कर वस्तूच्या किमतीसोबत वाहतूक आणि विमा धरून लागतो. दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, त्यामुळे मागवण्याच्या आठवड्यातला दर बघून हिशेब करा. विक्रेता बिलावर किंमत कमी दाखवतो म्हणाला तर नाही म्हणा. माल अडकतो, आणि वाटेत फ्रेम मोडली तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते.

खोकं उघडल्यावर

खोकं फोडण्यापासून मोबाइलवर चित्रण करा, सलग. मग फ्रेम उजेडात न्या, ओल्या फडक्याने पुसा आणि नाण्याने हळूहळू टकटक करत सगळ्या नळ्यांवरून फिरा. घट्ट कार्बनचा आवाज कोरडा आणि टणक येतो. मधेच एखाद्या जागी आवाज बोदा झाला तर आतले थर सुटलेले असू शकतात. जाडी बदलते तिथेही आवाज बदलतो, म्हणून डावी-उजवी बाजू त्याच जागी ताडून पाहा. बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून बॅटरी मारा: आत सुरकुत्या, लोंबणारे प्लॅस्टिकचे तुकडे, उघडे धागे दिसतात का? खाली पाणी निथळायचं भोक आहे का तेही बघा.

सरळपणा दोऱ्याने तपासा. मागचा अॅक्सल बसतो त्या एका टोकाला दोरा बांधा, पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणा, ताणा, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. फरक एक मिलीमीटरपेक्षा जास्त असेल तर जोडणी सुरू करू नका, विक्रेत्याला फोटो पाठवा.

आता, फ्रेम कोरी आणि स्वच्छ असतानाच, चेनस्टेच्या आतल्या बाजूला, खालच्या नळीला आणि केबल घासतील त्या जागांना जाड पारदर्शक फिल्म चिकटवा. चिखलाविरुद्ध याहून स्वस्त उपाय नाही.

जोडणी

हत्यारांत एकाच गोष्टीवर मोकळ्या हाताने खर्च करा, तो म्हणजे २ ते २० न्यूटन-मीटर दाखवणारा टॉर्क पाना. लोखंडी सायकलीवर हाताच्या अंदाजाने कसलेला नट चालून जातो. कार्बनची नळी जादा कसली तर आवाज न करता तडकते आणि तडा आठवड्याने दिसतो. बाकी अॅलन की, टी२५ टॉर्क्स, बॉटम ब्रॅकेटचा आणि कॅसेटचा पाना, चेनब्रेकर, केबल कटर, ग्रीस आणि कार्बन पेस्ट. फ्रेमची नळी कधीही स्टँडच्या जबड्यात धरू नका. सीटपोस्ट बसवा आणि तीच धरा.

पेस्ट कुठे आणि ग्रीस कुठे, हे आधी पक्कं करा. कार्बन पेस्टमध्ये बारीक कण असतात, त्यामुळे कमी कसूनही पकड बसते. ती सीटपोस्टला आणि हँडल धरणाऱ्या स्टेमच्या तोंडाला. ग्रीस सगळ्या आट्यांना, बेअरिंगच्या बाहेरून आणि अॅक्सलला.

सुरुवात हेडसेटपासून. बेअरिंगं हाताने बसतात, ठोकायची नाहीत. फोर्क घाला, वर स्पेसर आणि स्टेम ठेवून नळीवर खूण करा. पहिल्यांदा १० ते १५ मिलीमीटरचे स्पेसर ठेवूनच कापा, पुढे हँडल खाली आणावंसं वाटलं तर परत कापता येतं. कापलेलं टोक स्टेमच्या किंवा वरच्या स्पेसरच्या कडेखाली ३ मिलीमीटर राहिलं पाहिजे. फोर्कची नळी बहुधा अॅल्युमिनिअमची असते, साधं हॅक्सॉ पुरतं. हँडल कार्बनचं असेल आणि आखूड करायचं असेल तर बारीक दात्यांचं पातं घ्या, पाणी शिंपडत कापा आणि तोंडाला चांगला मास्क बांधा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. फडकं ओलं करून पुसा आणि ते फडकं फेकून द्या.

वरचा बोल्ट एवढाच कसा की फोर्क डगडगणार नाही पण सहज वळेल. मग स्टेमचे बाजूचे बोल्ट आळीपाळीने ५ न्यूटन-मीटरपर्यंत. हँडलकडचे चार बोल्ट तिरपे, एकाआड एक, ५ पर्यंत. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. स्टेमवर याहून कमी आकडा छापला असेल तर तोच पाळा. सीटपोस्टचा क्लॅम्पही ५.

बॉटम ब्रॅकेटला उजवा कप उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या उलट्या दिशेने घट्ट होतो. दोन्ही कप आधी हाताने पूर्ण फिरवा, मगच पाना लावा, ३५ ते ५० न्यूटन-मीटर; एवढा ताण आपला छोटा टॉर्क पाना दाखवत नाही, मोठा उसना आणा. शिमानोच्या क्रँकला डाव्या बाजूचे दोन बोल्ट १२ ते १४.

आतून जाणारी ब्रेकची नळी वेळ खाते. फ्रेममध्ये मार्गदर्शक नळी असेल तर ती सरळ जाते. नसेल तर सुती दोऱ्याच्या टोकाला स्पंजचा कपटा बांधा, एका भोकातून सोडा आणि दुसऱ्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावा. दोरा झटकन बाहेर येतो. त्या दोऱ्याने ब्रेकची नळी ओढा. ब्रेक लीव्हरपासून सोडवून परत जोडावा लागतो, तेव्हा नळीच्या जोडाचे नवीन ऑलिव्ह आणि इन्सर्ट वापरा आणि ब्लीड करा, म्हणजे आतली हवा काढा. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, काही कंपन्यांना डॉट फ्लुइड. एकात दुसरं गेलं की सगळे रबरी सील खराब. कॅलिपर ६ ते ८ न्यूटन-मीटर, कॅसेटची रिंग ४०. डिस्कला आणि पॅडला ग्रीसचं बोट लागू देऊ नका.

सराटे आणि बाभळी

या जिल्ह्यात ट्यूब घालून डोंगरी सायकल चालवणं म्हणजे रोज पंक्चर काढणं. बांधावर सराटे आणि गाडवाटेला वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात. ट्यूबलेस करा. रिम स्पिरिटने पुसा, टेप ताणून एक पूर्ण वेढा आणि वर थोडी जादा, मग व्हॉल्व्ह. टायरचा एक काठ बसवा, १०० ते १२० मिलीलीटर सीलंट ओता, दुसरा काठ बसवा. टायर रिमला बसताना फट्-फट् आवाज येतो आणि त्यासाठी हवा एकदम भरावी लागते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर वापरा. प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याची नळी बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. नव्या कार्बन रिमला बऱ्याचदा आत हुक नसतो. रिमवर छापलेल्या दाबाची मर्यादा ओलांडू नका. दुकानात दाब दिसत नसेल तर आपला गेज लावा आणि थांबत थांबत भरा.

चालवताना सत्तर किलोच्या माणसाला पुढे २० ते २२ आणि मागे २३ ते २५ पीएसआय पुरतात. काटा दिसला तर उपटा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथे साचून बसतं. बाजूच्या भिंतीत घुसलेल्या बाभळीच्या काट्याला प्लग लागतो, त्याचा संच सोबत असू द्या. आपल्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, सीलंट लवकर वाळतं; फाल्गुनापासून मृगापर्यंत दर महिन्याला व्हॉल्व्हमधून काडी घालून पाहा.

पहिली फेरी

चेनची लांबी आणि डिरेलरचं अंतर कंपनीच्या कागदाप्रमाणे ठेवा. गिअर लागत नसतील तर केबलशी खेळण्याआधी हँगर सरळ आहे का बघा. फोर्कमध्ये हवा अशी भरा की अंगावर सगळं सामान घेऊन बसल्यावर तो १५ ते २० टक्के दबेल.

मग मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मुरवा: वेग घ्या, चाक न अडकवता जवळजवळ थांबेपर्यंत दाबा, सोडा, परत वेग घ्या. पुढच्या आणि मागच्या ब्रेकला अशा वीस-वीस खेपा दिल्या की पकड येते. लगेच नेमगिरीला जाऊ नका. पहिले पन्नास किलोमीटर सपाटीवर चालवा, घरी आणा आणि प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. स्टेम आणि डिस्कचे बोल्ट पहिल्या फेरीनंतर थोडे सैल झालेले सापडतात. चाक फिरवून आउट बघा, तारा जोडीजोडीने दाबून पाहा, ढिली लागली तर आउट काढून घ्या. निघण्याआधीच सीटपोस्टवर टेपची खूण करून ठेवा. ती खाली सरकली असेल तर पोस्ट काढा, पुसा, पेस्ट परत लावा. आणखी कसू नका.

चिखलातून आल्यावर सायकल वाळू देऊ नका. चिखल ओला असतानाच साध्या पाण्याच्या धारेने चेनस्टेच्या आतली बाजू धुवा, सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करा, आत शिरलेलं पाणी निथळू द्या आणि फिल्म कुठे फाटली आहे का बघून ती त्याच दिवशी बदला.