जुनी गाडी घेताना : थान उलगडल्याशिवाय भाव करू नका

आमच्या पेढीवर नवा मुलगा कामाला लागला की त्याला पहिला धडा हाच दिला जातो : थान पूर्ण उलगडल्याशिवाय भाव बोलायचा नाही. वरची घडी सगळ्यांचीच साफ असते. डाग, गाठ, तुटलेला धागा हे आतच निघतात. दोन रुपये मीटरच्या फरकासाठी आम्ही कापड उजेडात धरतो, बोटाने सूत पाहतो. आणि हेच आम्ही व्यापारी दोन-तीन लाखांची जुनी मोटार घ्यायला गेलो की रंग पाहतो, सीट कव्हर पाहतो आणि बयाणा देऊन मोकळे होतो. आम्हीही असेच फसलो आहोत. एकदा घेताना आणि एकदा विकताना. घेताना पैसा गेला. विकताना पैशाबरोबर चार वर्षांची झोपही गेली. म्हणून विकण्याची गोष्ट आधी सांगतो.

एका सहीची किंमत

2009 साली आम्ही आमची जुनी व्हॅन ओळखीच्या एका दलालाला विकली. पैसे रोख मिळाले. त्याने दोन-तीन इंग्रजी फॉर्म पुढे केले. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. इंग्रजी वाचता येत नव्हते असे नाही, पण वाचायचा कंटाळा केला. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या आणि किल्ली दिली. गाडी नावावर करून घेण्याचे काम त्याचे, असे आम्ही धरून चाललो.

वर्षभराने नोटीस आली. त्या व्हॅनने एका मोटारसायकलस्वाराला धडक दिली होती. गाडी दोन हातांतून गेली होती, विमा संपलेला होता आणि आरटीओच्या दफ्तरात मालक म्हणून नाव आमचेच होते. दलाल म्हणे, मी तर पुढे विकली. चालवणारा म्हणे, माझ्याकडे काही नाही. चार वर्षे तारखा झाल्या आणि अखेर भरपाई आम्हालाच भरावी लागली. त्या जखमी माणसाबद्दल आमची तक्रार नाही. त्याचा तो हक्कच होता. चूक आमच्या सहीची होती.

पुढे 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले. गाडी प्रत्यक्ष विकली असली, ती आणखी तिघांच्या हातात गेली असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर.

तेव्हा विकणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 50 प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव बदलून घ्यायचे असते. फॉर्म 29 ही विक्रीची सूचना, फॉर्म 30 हा नावबदलाचा अर्ज. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. घेणाऱ्याचे नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही करावी, प्रती आपल्याकडे ठेवाव्यात, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहून त्याची सही घ्यावी. गाडी विक्रेत्याकडे सोपवायची असेल तर तो आरटीओचा अधिकृत विक्रेता आहे का हे विचारावे. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांप्रमाणे अशा विक्रेत्याकडे गाडी दिल्याची सूचना फॉर्म 29 सी वर देता येते, आणि तेव्हापासून जबाबदारी त्याच्याकडे जाते.

आधी कागद, मग गाडी

घेणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी आरसी बुक उघडावे.

1. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवावा. नंबर घासलेला दिसला तर चहा न पिता परत यावे.

2. आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहावे. कर्ज फिटले तरी बोजाची नोंद आपोआप जात नाही. त्यासाठी बँकेचे ना-देय पत्र आणि फॉर्म 35 लागतो. 'नंतर आणून देतो' या शब्दावर पूर्ण पैसे देऊ नयेत.

3. थकलेली चलाने सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून दिसतात. ती कोणी भरायची हे भावातच ठरवावे.

4. परराज्यातील गाडी स्वस्त दिसते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यास मनाई केली. त्या हुकुमात पुढे बदल झाले, पण तिकडच्या गाड्या इकडे येतच राहिल्या. अशा गाडीला तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो धरून हिशेब केला की स्वस्ताई बरीचशी उडते.

5. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर तपासणी करून 5-5 वर्षे वाढवून मिळते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा खर्च पुढ्यात आहे असे समजावे.

6. सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी.

गाडी कशी पाहावी

दिवसा पाहावी, कोरडी पाहावी आणि इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. थंड इंजिनच खरे बोलते.

सुरू केल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत जात असण्याचा संभव. चालू इंजिनवर ऑईलचे झाकण काढून पाहावे. तेथून जोराने धूर फेकला जात असेल तर त्याला मेकॅनिक 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. अशा इंजिनचे मोठे काम जवळ आलेले असते.

पत्र्यासाठी खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे. जेथे लांबी भरून वर रंग मारला आहे तेथे ते नीट धरत नाही. दरवाज्यांचे रबर ओढून आतील खांबांचे वेल्डिंग दोन्ही बाजूंचे सारखे आहे का पाहावे. दरवाज्याला ओरखडा असला तर घाबरू नये. खांब कापून जोडलेला असेल तर गाडी सोडावी.

मीटरच्या आकड्यावर फार विश्वास नको, तो मागे घेता येतो. पेडलचे रबर आणि स्टिअरिंग किती झिजले ते पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. सहा-सात वर्षांचे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेच लागतात, आणि चार टायरांचे पैसे भावातून कापून मागावेत.

पुरातली गाडी

घेताना आम्ही फसलो ते येथे. 2019 साली कोल्हापूर-सांगलीला आणि 2021 साली चिपळूण-महाडला पूर आला. अशा बुडालेल्या गाड्यांपैकी कित्येक विमा कंपन्यांकडून लिलावात निघतात, धुऊन-पुसून दूरच्या बाजारात उभ्या राहतात. आम्ही घेतलेल्या गाडीचा रंग नव्यासारखा होता. दोन महिन्यांनी कधी काच उतरेना, कधी दिवे लागेनात, आणि एकदा कसारा घाटात रात्री गाडी बंद पडली. बरोबर घरची माणसे होती. वायरिंग काढले तेव्हा आत वाळलेला गाळ निघाला.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, गालिच्याखाली कुबट वास, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात माती, हेडलाइटमध्ये आतून धुके. यांपैकी दोन खुणा सापडल्या तरी गाडी घेऊ नये, भाव कितीही उतरला तरी.

घेतल्यानंतर

भावाच्या बाहेर थोडी रक्कम बाजूला ठेवावीच. इंजिन ऑईल, फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल पहिल्याच आठवड्यात बदलावे. घाटात काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, त्यात हात भाजतात.

विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. कापडवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत मालवाहतूक वगळलेली असते. नमुने आणि स्वतःचे सामान तेवढे चालते. सॅम्पलची बॅग न्यावी, गाठी टेम्पोतूनच पाठवाव्यात.

मेकॅनिकला सोबत न्यावे आणि त्याची मजुरी आपण द्यावी, दलालाला देऊ देऊ नये. ज्याच्या हातून पैसे, त्याच्या बाजूने नजर जाते. हे आपण बाजारात रोज पाहतो.

आणि आपली गाडी विकताना तिचा दोष स्वतःहून सांगावा. डाग असलेले थान आपण डाग दाखवूनच विकतो. दोन पैसे कमी येतात, पण तो माणूस पुन्हा समोर आला तर आपल्याला रस्ता बदलावा लागत नाही.