शेततळ्याचे पाणी गढूळ का राहते?

ठिबकच्या तोट्या चोंदल्या की उसाची ओळ वाळते आणि बोल मात्र ठिबकला लागतो. पुष्कळदा दोष तळ्यातल्या गढूळ पाण्याचा असतो. उपायाआधी तो ओळखावा, असे आम्ही सांगतो.

काचेच्या बाटलीत १ लिटर पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी निवळले तर गाळ ओढ्याबरोबर येतो किंवा जनावरे ढवळतात. तिथे औषध नको. पाणी आत येते त्या तोंडाशी गाळखड्डा काढा, बांधावर गवत लावा, जनावरांना हौदात पाजा.

निवळले नाही तर ती बारीक चिकणमाती. तिचे कण एकमेकांना लोटतात, म्हणून बसत नाहीत. तुरटीने ते गोळा होऊन बसतात. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवून त्यातला चहाचा एक चमचा (५ मि.लि.) बाटलीत टाका. निवळले तर लाख लिटरला ५ किलो हा हिशेब धरा. तळ्यात मासे असतील तर तुरटी टाकू नका. पाणी आंबट होते.

फुटव्हॉल्व्ह तळाशी टेकवू नका, रिकाम्या डब्याला बांधून तरंगता ठेवा. शंका असल्यास बाटली घेऊन गट कार्यालयात यावे.