लाईन म्हणजे काय?

इंग्रजीत एल, आय, एन, ई अशी चारच अक्षरे. बाईंनी फळ्यावर अर्थ लिहिला, 'रेघ'. मी वहीत उतरवून घेतला. पण घरी गेल्यावर मोजायला बसले, तर या शब्दाचे अर्थ संपेचनात.

सकाळी प्रार्थनेला आपण लाईन करतो. रेशनच्या दुकानात आई लाईनीत उभी राहते. शेतात जमिनीखालून पाईपलाईन गेली आहे. पोलीस राहतात ती पोलीस लाईन. दादाला पाहुणे विचारतात, दहावीनंतर कोणती लाईन घेणार? (एक अर्थ सातवीची मुलं सांगतात आणि हसतात. तो बाईंनी लिहू दिला नाही.)

पण आमच्या घरी लाईन म्हणजे वीज. लाईन गेली की मोटार बंद, केळीचं पाणी बंद. शेतीची लाईन कधी दिवसा असते, कधी रात्री. मग वडील रात्रीही बॅटरी घेऊन मळ्यात जातात. आजी अहिराणीत म्हणते, "लाईन उनी!" की ते लगेच चप्पल घालतात.

माझ्या मामाचं गाव भुसावळजवळ आहे. तिकडे लाईन म्हणजे रेल्वे. भुसावळ मोठे जंक्शन आहे. मुंबईकडून आलेली लाईन तिथे फुटते. एक नागपूरकडे जाते, दुसरी खंडव्याकडे. जळगावहून एक लाईन सुरतेला जाते. धुळ्याला चाळीसगावहून फाटा आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाचा मुलगा आमच्याकडे आला होता. आम्ही मळ्यात गेलो. त्याने पाटात हात धुतले आणि ओल्या हातांनी स्टार्टरच्या पेटीकडे गेला. मी ओरडले, "हात लावू नको, लाईन आहे!" तो थांबलाच नाही. इकडेतिकडे बघत म्हणाला, "कुठे आहे? रूळ तर दिसत नाहीत." हात पेटीजवळ पोचला होता. वडिलांनी पळत येऊन त्याला मागे ओढले. त्या दिवशी वडील त्याला नाही, मलाच रागावले. म्हणाले, "वीज आहे म्हणायचं, करंट आहे म्हणायचं!" मी रडले. आमच्याकडे तर सगळे लाईनच म्हणतात ना!

हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी मोठा शब्दकोश काढला. लाईन हा शब्द लॅटिन भाषेतून आला. तिथे 'लिनम' म्हणजे जवस, आपण चटणी करतो तेच. जवसाच्या खोडातून धागा निघतो. त्या धाग्याची दोरी म्हणजे लाईन. मला लगेच पटले, कारण केळी लावताना वडील दोरी ताणूनच खड्ड्यांच्या जागा आखतात. ताणलेल्या दोरीसारखं जे जे दिसलं, त्याला लोक लाईन म्हणू लागले असतील. तारही तशीच, रूळही तसेच.

दिवाळीत आम्ही मामाकडे गेलो. फाटकाजवळ मामाच्या मुलाने मला वर बघायला सांगितले. रुळांच्या वर तार होती. मामा म्हणाले, तिच्यात २५,००० व्होल्ट वीज असते. आपल्या घरात २३० असते. मामाचा मुलगा म्हणाला, "वरची लाईन तुझी, खालची माझी." मग गाडी आली, दोन्ही लाईनींवर एकदम.