भट्टीवांचून भाजलेलें गोडधोड

सण आला म्हणजे घरांत कांहीं तरी गोड व्हावें, अशी लहानथोर सर्वांचीच इच्छा असते. दिवाळीस लाडू-करंज्या, नाताळांत केक, पाहुणा आला तर शिरा, हा आपला परिपाठ आहे. परंतु केक, बिस्किटें, नानखटाई असे भाजून तयार होणारे जिन्नस निघाले, कीं पुष्कळ घरीं असें म्हटलें जातें, "त्यास भट्टी हवी, अंडीं हवीं, लोणी हवें, तें आपल्या घरचें काम नव्हे." या समजुतीमुळें जो पदार्थ घरीं थोडक्या खर्चांत होण्यासारखा असतो, तो बाजारांतून महाग आणावा लागतो, किंवा मुलांना दुकानांतील बरणीकडे पाहूनच समाधान मानावें लागतें.

यास दुसरीहि एक बाजू आहे. सधन घरीं एक केक बिघडला, तर दुसरा करतां येतो. बेताच्या मिळकतीच्या घरीं मात्र वाटीभर तूप व साखर वायां गेली, तर तो पदार्थ पुनः करण्याचें धाडस कित्येक महिने होत नाहीं. म्हणून अशा घरास कृतीपेक्षांहि कृतीमागील कारणें ठाऊक असणें अधिक अगत्याचें आहे. कारण समजलें म्हणजे नासाडी टळते, आणि घरांत जें असेल त्यांत भागवितां येतें. प्रस्तुत लेखांत तीं कारणें व त्यांच्या आधारें होणारे तीन पदार्थ यांचा विचार करावयाचा आहे.

भाजणें म्हणजे काय?

तळतांना उष्णता तेलातुपांतून पदार्थास मिळते, उकडतांना वाफेंतून मिळते, आणि भट्टींत भाजतांना ती कोरड्या, तापलेल्या हवेंतून मिळते. उघड्या भांड्यांतील उकळतें पाणी सुमारें १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाहीं. भट्टींतील हवा १७० ते १८० अंशांपर्यंत ठेवतात. म्हणूनच उकडीचा मोदक पांढराच राहतो आणि नानखटाई बदामी होते. पिठांतील प्रथिनें व कांहीं शर्करा यांचा कोरड्या उष्णतेंत संयोग होऊन तो रंग व तो खमंग वास उत्पन्न होतो. लुई कामीय माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन प्रथम प्रसिद्ध केलें.

तेव्हां भट्टी म्हणजे सर्व बाजूंनीं कोरडी ऊब देणारी बंदिस्त जागा, एवढेंच. ती घरींहि करतां येते. जाड बुडाचें, रुंद व घट्ट झांकणाचें एक जुनें पातेलें घ्यावें. तळाशीं बोटभर जाडीचा स्वच्छ, कोरड्या वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर पसरावा. त्यावर लोखंडी तिवई अथवा कडें ठेवावें, आणि झांकण लावून मध्यम आंचेवर दहा-पंधरा मिनिटें तापूं द्यावें. वाळूचा थर उष्णता सर्वत्र सारखी पसरवितो, त्यामुळें तळ एकदम करपत नाहीं. नंतर तिवईवर पदार्थाचें भांडें ठेवून आंच मंद करावी. वापरलेलें मीठ खाण्यांत घेऊं नये. निराळ्या डब्यांत भरून पुढील खेपेस भट्टीसाठींच वापरावें.

येथें दोन सूचना अवश्य आहेत. प्रेशर कुकर हा पाण्याच्या वाफेसाठीं घडविलेला असतो. तो कोरडा तापवून या कामीं लावूं नये. तसेंच कोळशाची शेगडी बंद खोलींत पेटवूं नये. तिच्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस वास नसतो, म्हणून तो अधिक घातक होय.

पदार्थ फुगतो कशानें?

पदार्थ हलका होण्यास दोन गोष्टी लागतात : आंत वायु उत्पन्न झाला पाहिजे, आणि तो धरून ठेवणारें जाळें पाहिजे. हें जाळें डोळ्यांनीं पाहतां येतें. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवावी व मग पाण्यांत हलक्या हातानें चोळून धुवावी. पांढरें पिष्ट पाण्यांत निघून जातें आणि रबरासारखा चिवट गोळा हातीं राहतो. यास ग्लूटेन म्हणतात. इटलींतील बोलोन्या येथील विद्वान् बेक्कारी यांचें या द्रव्यावरील विवेचन १७४५ सालीं प्रसिद्ध झालें. पावांत हें जाळें बळकट हवें, म्हणून पावाचें पीठ पुष्कळ मळतात. नानखटाई खुसखुशीत हवी, म्हणून तिचें पीठ तुपांत घोळवून नुसतें एकत्र करतात. तूप पिठाच्या कणांस वेढतें व जाळें वाढूं देत नाहीं. जी गृहिणी नानखटाईचें पीठ पोळीच्या कणकेसारखें तिंबते, तिची नानखटाई कडक होणारच.

आतां वायूचें पाहूं. पावांत यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, सोडतात. गोव्यांतील पोदेर याच कामासाठीं पूर्वीं माडाची सूर वापरीत. यास कित्येक तास लागतात. केकासाठीं तोच वायु आपण खाण्याच्या सोड्यापासून त्वरित मिळवितों. सोडा नुसता तापविला, तर त्यांतील अर्धाच वायु सुटतो आणि मागें धुण्याचा सोडा राहतो. पदार्थास साबणासारखी चव येते ती यामुळेंच. परंतु त्यास दहीं, ताक किंवा लिंबाचा रस यांची पुरेशी जोड दिली, तर तितक्याच सोड्यापासून दुप्पट वायु मिळतो व वाईट चव राहत नाहीं. म्हणून पदार्थ फुगला नाहीं तर सोडा वाढवूं नये. आंबट पुरेसें आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें.

बेकिंग पावडरींत सोडा व कोरडें आम्ल हीं दोन्ही एकत्र केलेलीं असतात. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनीं १८४३ सालीं अशी पूड तयार केली, कारण त्यांच्या पत्नीस यीस्ट व अंडीं सोसत नसत. अंड्यांवांचून भाजणें म्हणजे केवळ नाइलाज, असें मानण्याचें कारण नाहीं, हें यावरून दिसेल.

तीन पदार्थ

पुढील सर्व मापांस एकच वाटी घ्यावी. लहान चमचा म्हणजे चहाचा. तो सपाट भरावा.

नानखटाई. नान म्हणजे फारसींत रोटी. पुण्यामुंबईकडे दिवाळीच्या सुमारास घरून सामान नेऊन शेजारच्या बेकरींत नानखटाई भाजून आणण्याची चाल पुष्कळ वर्षें होती. आतां ती घरच्या भट्टींत करूं. अर्धी वाटी थिजलेलें तूप व अर्धी वाटी पिठीसाखर हातानें फेसावी. तें पांढरें व हलकें झालें म्हणजे त्यांत एक लहान चमचा दहीं व चिमूटभर सोडा घालावा. मग एक वाटी मैदा, दोन मोठे चमचे बेसन, एक मोठा चमचा बारीक रवा व वेलदोड्याची पूड मिसळावी. गोळा होतांच हात थांबवावा. पेढ्याएवढे गोळे करून, किंचित् दाबून, ताटलींत अंतरा-अंतरानें मांडावे व वीस-पंचवीस मिनिटें भाजावे. गरम असतांना नानखटाई मऊच लागते. म्हणून ती कच्ची समजून अधिक भाजूं नये. निवल्यावर ती आपोआप कुरकुरीत होते.

रव्याचा केक. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दहीं, अर्धी वाटी दूध, पाव वाटी पातळ केलेलें तूप व चिमूटभर मीठ एकत्र कालवून अर्धा तास झांकून ठेवावें. रवा पाणी शोषून फुगतो. हा अर्धा तास वांचविला तर केक कोरडा व कचकचीत होतो. पीठ इडलीच्या पिठाप्रमाणें असावें. घट्ट झाल्यास थोडें दूध घालावें. सोडा पाव लहान चमचा, तोहि अगदीं शेवटीं, भट्टी तापल्यावर घालावा; कारण दह्याशीं गांठ पडतांच वायु सुटूं लागतो, आणि पीठ ठेवून दिलें तर तो हवेंत निघून जातो. तूप लावलेला डबा अर्धाच भरून चाळीस मिनिटें भाजावा. पहिलीं पंचवीस मिनिटें झांकण उघडूं नये. तोंपर्यंत आंतील जाळें पक्कें झालेलें नसतें. थंड हवा लागतांच वायु आकसतो आणि केक मधोमध बसतो. सुरी खुपसली असतां ती कोरडी निघाली, कीं केक झाला.

धोंडस. कोंकणांत यासच कोठें तवसळी म्हणतात. येथें मैदा नाहीं, दूध नाहीं, सोडाहि नाहीं. एक वाटी तांदळाचा रवा थोड्या तुपावर भाजावा. सालें काढलेल्या मोठ्या काकडीचा दोन वाट्या कीस रसासकट घ्यावा. काकडी कडू नाहीं, हें आधीं चाखून पाहावें. कीस, एक वाटी गूळ, अर्धी वाटी ओलें खोबरें, चिमूटभर मीठ व वेलदोडा एकत्र उकळून त्यांत रवा वैरावा. पाणी निराळें लागत नाहीं; काकडीच्या रसांतच रवा शिजतो. मिश्रण घट्ट झालें म्हणजे तूप लावलेल्या भांड्यांत थापून पाऊण तास भाजावें व पूर्ण निवल्यावर वड्या कापाव्या. पूर्वीं हें भांडें चुलीवर ठेवून झांकणावर निखारे पसरीत. खालून व वरून ऊब, मध्यें बंदिस्त हवा : भट्टीची व्याख्या आपण वर केली ती हीच. अर्थात् ज्या गोष्टीस आपण परकी व खर्चाची समजतों, ती कोंकणांतील चुलीवर पूर्वींपासून घडत आली आहे.

विद्यार्थ्यांनीं हे पदार्थ वडील माणसांच्या देखरेखीखालीं करून पाहावे, आणि केवळ मुलींनींच नव्हे, तर मुलांनींहि. दिवसभर राबलेल्या आईवर नव्या पदार्थाचा भार टाकून आपण ताट घेऊन बसणें शोभत नाहीं. कीस किसणें, तूप फेसणें, घड्याळाकडे लक्ष ठेवणें व शेवटीं भांडीं घासणें हीं कामें वांटून घ्यावीं. वहीच्या एका पानावर माप, वेळ व परिणाम टिपून ठेवावा, म्हणजे दुसऱ्या खेपेस अंदाजावर विसंबावें लागणार नाहीं. पहिल्या प्रयोगास अर्धेंच माप घ्यावें. बिघडलें तरी हानि थोडी, आणि साधलें तर घरांतील प्रत्येकाच्या हातावर निदान एकेक वडी पडतेच.