कंबर दुखते, मुलाला उचलू का?

प्रश्न : वर्षभर कंबर दुखतेय. दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेणं बंद करून पट्टा बांधावा का?

उत्तर : दोन्ही नको. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीत कळ आली म्हणजे मणक्याला नवी इजा झाली, असं बहुधा नसतं. हालचाल टाळल्याने स्नायू मात्र दुबळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत व्यायामाची शिफारस आहे, पट्ट्याची नाही. ‘पण उचलताना दुखतंच ना?’ दुखेल. म्हणून जमिनीवरून वाकून उचलण्याऐवजी त्याला आधी सोफ्यावर चढू द्या (चढायला मुलं एका पायावर तयार असतात!), मग छातीशी घट्ट धरून उठा. शेक घ्या, पण भिस्त व्यायामावरच ठेवा. मात्र जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.